आदिवासी आणि भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांचं करिअर मार्गदर्शन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आश्रमशाळांतले शिक्षक, वसतिगृहांचे गृहपाल, कनिष्ठ महाविद्यालयांत मार्गदर्शनाची जबाबदारी असलेले प्राध्यापक आणि गावात पहिल्यांदा पदवी घेतलेले दादा-ताई हे प्रश्न आम्हाला दरवर्षी विचारतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात एक कोटी पाच लाखांहून जास्त आदिवासी राहतात, म्हणजे दर शंभरात नऊजण. राज्याच्या यादीत ४५ जमाती आहेत. नंदुरबारची पावरा मुलगी, मेळघाटातला कोरकू मुलगा, भामरागडचा माडिया आणि पालघरची कातकरी मुलगी यांची भाषा एक नाही, शेती एक नाही, घरच्यांच्या मजुरीचे महिनेही एक नाहीत. म्हणून इथलं प्रत्येक उत्तर आपल्या पाड्यावर विचारून, पडताळून वापरा.

प्रश्न : मार्गदर्शन वेगळं कशाला करायचं? चांगली माहिती सगळ्यांना सारखीच उपयोगी पडते ना?

माहिती सारखीच द्यायची. नीटचा अभ्यासक्रम किंवा आयटीआयचे ट्रेड जमातीप्रमाणे बदलत नाहीत. अडचण येते ती आपण पहिला प्रश्न विचारतो तिथे.

आपण विचारतो, "तुला काय व्हायचंय?" दहावीच्या वर्गात हे विचारलं की उत्तरं ठरलेली येतात : मास्तर, पोलीस, नर्स, अलीकडे अग्निवीर. आपण समजतो मुलांना महत्त्वाकांक्षा नाही. पण पाड्याच्या आसपास पगार घेणारी जेवढी माणसं त्यांनी पाहिली, तेवढी त्यांनी सांगून टाकलेली असतात. आश्रमशाळेतले गुरुजी, ठाण्यातला शिपाई, उपकेंद्रातली सिस्टर. शहरातल्या मुलाच्या नात्यात एखादा सीए असतो, एखादी आर्किटेक्ट मावशी असते. लग्नकार्यात त्यांच्या गप्पा कानावर पडतात आणि कोणी न शिकवता तो व्यवसाय ओळखीचा होतो. पाड्यावरच्या मुलाला ही ओळख आपण करून द्यावी लागते, आणि ती एका तासाच्या व्याख्यानात होत नाही.

दुसरं असं, की या प्रश्नात निवड एकट्याची आहे असं गृहीत धरलेलं असतं. पाड्यावर एकाच्या शिक्षणाचा निर्णय सगळ्या घराचा असतो. शेळ्या कोण वळणार, धाकट्याला कोण सांभाळणार, मुकादमाकडून घेतलेली उचल कोण फेडणार, हे सगळं त्यात येतं. मुलाच्या डोक्यात हा हिशोब चालू असतो आणि आपण त्याला "तुझं स्वप्न सांग" म्हणतो. तो गप्प बसतो.

बंगळुरूचे मानसशास्त्रज्ञ गिडिअन अरुलमणी यांनी भारतातल्या करिअर समुपदेशनावर काम करताना हेच धरून मांडणी केली आहे : माणूस कामाकडे, पैशाकडे, नात्यांकडे कसा बघतो हे तो ज्या संस्कृतीत वाढला तिथे आधीच घडलेलं असतं, आणि समुपदेशन त्याला धरूनच करावं लागतं.

प्रश्न : मुलं बोलतच नाहीत. होला हो म्हणतात आणि निघून जातात. काय करावं?

आधी भाषा पाहा. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे, गोंडी-माडिया आणि कोलामी द्राविडी, भिली-पावरी आर्य कुळातल्या. यांपैकी कुठलीच महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षणाचं माध्यम नाही. म्हणजे मुलगा मराठीत दहावी झाला, तरी मनातली भीती, लाज, हौस तो मराठीत बोलतोच असं नाही. तुम्हाला त्याची भाषा येत नसेल तर त्याच पाड्यावरचा, दोन-तीन वर्षांनी मोठा विद्यार्थी बरोबर घ्या. त्याला दुभाषी म्हणून बाजूला उभा करू नका, बोलणं त्यालाच करू द्या. आपण ऐकावं.

मग जागा. मुख्याध्यापकांच्या खोलीत टेबलापलीकडे बसून कोणी मनातलं सांगत नाही. पारावर, विहिरीवर, वसतिगृहाच्या मागच्या पायरीवर बोलणं होतं.

आणि "काय व्हायचंय" याऐवजी "सुट्टीत घरी काय केलंस" हे विचारा. मी हा प्रश्न विचारायला लागले तेव्हा माझीच समजूत बदलली. गडचिरोलीकडची एक मुलगी गणितात कशीबशी पास होत होती. उन्हाळ्यात ती तेंदूपान फळीवर, म्हणजे पानं मोजून घेतात त्या जागी, घरच्या पुड्यांचा हिशोब ठेवायची. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी, त्यात फळीवर कमी धरलेले पुडे वेगळे, आईचे वेगळे, मावशीचे वेगळे. हे सगळं तोंडी. तिला कॉमर्स आणि लेखापालाचं काम सुचवायला आम्हाला कुठली चाचणी लागली नाही. जो मुलगा मासे कुठल्या डोहात कधी चढतात ते सांगतो, त्याला मत्स्यविज्ञानाची पदवी असते हे सांगायला हवं. रत्नागिरी आणि नागपूर या दोन्ही ठिकाणी ती शिकता येते. आजीबरोबर औषधी मुळ्या ओळखत फिरणाऱ्या मुलीला वनस्पतीशास्त्र आणि फार्मसी हे शब्द तिच्या त्या ओळखीला जोडून सांगायचे.

प्रश्न : कल चाचणी घ्यावी का?

घ्या, पण तिचा निकाल म्हणजे बोलण्याची सुरुवात माना. राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या सगळ्या मुलांची कल चाचणी घेतली होती, त्यामुळे हा शब्द आता गावोगाव माहीत आहे. चाचणीतले प्रश्न ज्या मुलाने संग्रहालय, प्रयोगशाळा, बँकेचं आतलं कामकाज पाहिलेलं आहे त्याच्यासाठी लिहिलेले असतात. न पाहिलेल्या गोष्टीत कल दिसणार कसा? म्हणून चाचणीआधी एक दिवस तालुक्याला न्या. पशुवैद्यकीय दवाखाना, भूमी अभिलेख कार्यालयातली मोजणी, ग्रामीण रुग्णालयातली प्रयोगशाळा, एखादं सौरपंप दुरुस्तीचं दुकान. एका दिवसात चार कामं पाहिली की मुलांचे प्रश्न बदलतात.

प्रश्न : पालक सभेला येत नाहीत. ते कामावर गेलेले असतात. त्यांना कसं सामील करायचं?

आपलं वेळापत्रक त्यांच्या वर्षाला जुळवून. यावर मी जरा विस्ताराने लिहिते, कारण जास्तीत जास्त मुलं इथे गळतात.

पालघर-रायगडकडची कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. नंदुरबारमधून ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्यांचंही तसंच. मोहफुलं वेचण्याचे दिवस मार्च-एप्रिलचे, तेंदूपानाचा हंगाम मेचा. मग पाऊस पडतो आणि भातलावणी सुरू होते. आता प्रवेशाचं कॅलेंडर शेजारी ठेवा. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, प्रवेश परीक्षा एप्रिल-मेमध्ये, अर्ज, कागदपत्रं आणि फेऱ्या जून-जुलै-ऑगस्टमध्ये. घरातल्या प्रत्येक हाताला काम असतं त्याच महिन्यांत आपण पालकांना सेतू केंद्राच्या रांगेत उभं करतो.

पालकांशी बोलायची खरी वेळ दोन : कुटुंब कामावर निघण्याआधीची दिवाळी, आणि होळी. सातपुड्यात होळीला माणूस कुठेही असला तरी घरी येतो. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात सगळी पंचक्रोशी भेटते. तिथे शिक्षकाने नुसतं फिरलं तरी वीस पालक भेटतात. मात्र जेवणाच्या वेळी, सणाच्या गडबडीत फॉर्म पुढे करू नका. ओळख करा आणि "परवा येतो घरी" म्हणा.

होळी बारावीच्या परीक्षेच्या आसपास येते. "या वर्षी होळीला जायचं नाही" असं फर्मान काढणारे शिक्षक माझ्या पाहण्यात आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो. पण ज्या मुलाने व्रत धरलंय, जो बुध्या (होळीचा व्रतस्थ नाचणारा) होऊन नाचणार आहे, त्याच्यासाठी ती सुट्टीतली मजा नसते, तो दिलेला शब्द असतो. जानेवारीतच वेळापत्रक पुढे ठेवून त्याच्याशी आणि त्याच्या वडिलांशी बोला. अभ्यास आधी किती उरकायचा, कुठल्या रात्री निघायचं, कुठल्या गाडीने परत यायचं. आम्ही ठरवून पाठवलेली मुलं पेपरला वेळेवर हजर झाली. अडवलेल्यांतली काही मात्र न सांगता गेली.

घरी गेलात की आधी जोहार किंवा रामराम, पाणी, पिकाची चौकशी. निर्णय बाप घेतो असं धरून चालू नका. पुष्कळ घरांत आजीचा किंवा मामाचा शब्द चालतो. कोणाचा चालतो ते मुलाला आधीच विचारून घ्या.

प्रश्न : मुलीला लांब पाठवायला घर तयार नाही.

घरच्यांची भीती खोटी ठरवू नका. रात्रीची बस, ओळख नसलेलं शहर, फोन न लागणारं गाव या खऱ्या गोष्टी आहेत. आईला किंवा मोठ्या बहिणीला एकदा वसतिगृह दाखवून आणा. जाण्या-येण्याचं भाडं शाळेने किंवा गावाने उभं करावं, ते वाया जात नाही. त्याच वसतिगृहात ओळखीची एक मुलगी असेल तर अर्धं काम झालं, म्हणून एका पाड्यावरच्या दोघी-तिघींनी एकाच गावी अर्ज करावा असं आम्ही सुचवतो, भले कोर्स वेगवेगळे असोत.

प्रश्न : जातीचा दाखला आहे. वैधता प्रमाणपत्र कधी काढायचं?

अकरावीत. बारावीच्या निकालाची वाट पाहू नका.

राज्याचा जात प्रमाणपत्र आणि पडताळणीचा कायदा २००० चा आहे, १८ ऑक्टोबर २००१ पासून लागू. त्यानुसार राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना नुसता प्रांतांचा दाखला पुरत नाही, पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. अनुसूचित जमातींच्या समित्या इतर प्रवर्गांहून वेगळ्या आहेत. अकरावी-बारावी विज्ञानात असतानाच महाविद्यालयामार्फत अर्ज करता येतो.

पुरावा ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा असेल तर सगळ्यात भक्कम. आजोबा-पणजोबा शाळेत गेलेले नसतील तर शाळेचा पुरावा कुठून येणार? मग तहसीलमध्ये जुनी जन्म-मृत्यूची नोंद, म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल, आणि जमिनीचे जुने उतारे शोधा. वडील, काका, आत्या, चुलत भावंडं यांपैकी कोणाला वैधता मिळालेली असेल तर तिची प्रत आणि वंशावळ जोडा. आईकडच्या नात्याची वैधता इथे उपयोगी पडत नाही, हे पालकांना आधीच सांगा.

नावांच्या स्पेलिंगवर फार अर्ज अडकतात. आश्रमशाळेत पहिलीला नाव घालताना कोणीतरी "पावरा"चं "पवार" करून टाकतं, आणि तो फरक बारा वर्षांनी मुलाच्या वाट्याला येतो. पहिलीच्या शिक्षकांनो, दाखल-खारीज रजिस्टर लिहिताना जमात आणि आडनाव घरच्यांना विचारूनच लिहा. करिअर मार्गदर्शन तिथूनच सुरू होतं.

समितीपुढे रूढी, देव, लग्नविधी यांबद्दल प्रश्न विचारले जातात. शहरात वाढलेल्या मुलाला उत्तरं आली नाहीत तर तो घाबरतो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे की अशा माहितीवरून जमात ताडून पाहणं ही एकमेव किंवा अंतिम कसोटी धरता येणार नाही. कागद भक्कम असतील तर धीर सोडायचं कारण नाही.

प्रश्न : भटक्या-विमुक्तांना हेच लागू होतं का?

बरंच लागू होतं, पण कागद वेगळे. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं त्या जमाती ३१ ऑगस्ट १९५२ ला विमुक्त झाल्या. पण गावात चोरी झाली की पारध्याच्या पालावर पोलीस पहिले जातात हे अजून संपलेलं नाही. "पोलीस भरती दे" असं त्या मुलाला सहज सुचवण्याआधी त्याच्या घराने पोलीस कसे पाहिलेत याचा विचार करा. काहींना नेमकं तेच व्हायचं असतं, आणि त्यांना तसं व्हायला मदत करा. पण सुचवणं आणि त्याने मागणं यात फरक आहे.

कागदांपुरतं : या प्रवर्गासाठी पुराव्याची तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे, आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागतं. अनुसूचित जमातींना ते लागत नाही. एकच समाज एका भागात एका यादीत आणि दुसऱ्या भागात दुसऱ्या यादीत असतो. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत आहेत, उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. कुटुंब मूळचं कुठलं हे विचारल्याशिवाय प्रवर्ग सांगू नका.

प्रश्न : पैसे कुठून येतील?

योजना बऱ्याच आहेत. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरची) शिष्यवृत्ती आहे, वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे थेट खात्यात येतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी ही रक्कम वर्षाला ६०,००० रुपये ठरलेली होती. अर्ज करताना आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयात चालू दर विचारून घ्या. आयआयटीत अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क माफ आहे. परदेशी शिक्षणासाठी केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे, वर्षाला २० जागा, त्यातल्या ३ कातकरी-कोलाम-माडिया गोंडांसारख्या अतिअसुरक्षित जमातींसाठी.

पण माझा अनुभव असा, की मुलगा फीपायी परत येत नाही, पहिल्या दोन महिन्यांपायी येतो. शिष्यवृत्ती खात्यात पडायला उशीर लागतो. तोवर खोलीची अनामत, मेसचे पैसे, ड्रॉइंगचं साहित्य, ॲप्रन यांसाठी रोख लागते, आणि ते पैसे घरचे मुकादमाकडून उचलतात. म्हणजे मुलाच्या प्रवेशासाठी आई-बाप पुढच्या हंगामाला बांधले जातात. समुपदेशकाने कोर्स सांगताना हा पहिल्या दोन महिन्यांचा खर्च कागदावर मांडून दाखवावा, आणि गावातल्या नोकरदारांनी, बचतगटाने, माजी विद्यार्थ्यांनी बिनव्याजी उसने द्यायला एक छोटी रक्कम बाजूला ठेवावी. शिष्यवृत्ती आली की परत. आम्ही हे करून पाहिलंय, पैसे परत येतात.

प्रश्न : कॉलेजात "कोट्यातून आलास" म्हणून हिणवतात. मुलाला आधीच सांगून ठेवावं का?

सांगावं. न सांगता पाठवणं म्हणजे पूर आलेल्या नदीत पोहायला न शिकवता सोडणं. त्याला सांगा की राज्यघटनेने दिलेली जागा तुझ्या हक्काची आहे, आणि रँक कोणी विचारली तर सांगायला तू बांधील नाहीस.

२०१९ च्या मे महिन्यात मुंबईत स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी जीव दिला. त्या तडवी भिल्ल समाजातल्या होत्या. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. जळगाव-नंदुरबारकडच्या पालकांना हे नाव माहीत असतं आणि ते आपल्याला विचारतात. विषय टाळू नका. महाविद्यालयात तक्रार कुठे करायची ते प्रवेशाच्या दिवशीच शोधून द्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१२ च्या नियमांनी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी सांगितलेले आहेत. त्याबरोबर त्याच कॉलेजातल्या दोन वरच्या वर्गातल्या आदिवासी विद्यार्थ्यांचे फोन नंबर द्या. रात्री अकराला अधिकारी फोन उचलत नाही, दादा उचलतो.

प्रश्न : गावातच राहायचं असेल तर? तो मागे राहिला असं समजायचं का?

मुळीच नाही. शिकणं म्हणजे गाव सोडणं, हे समीकरण आपण शिक्षकांनीच मुलांच्या डोक्यात घातलंय.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ पासून गाव स्वतःचा बांबू स्वतः विकायला लागलं. वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना आता जंगलाचा आराखडा करणारी, जीपीएसवर हद्द मोजणारी, लिलावाची निविदा वाचणारी, जमाखर्च आणि ऑडिट सांभाळणारी माणसं हवी असतात. वनशास्त्र, जीआयएस (संगणकावर नकाशे करणं), कॉमर्स, कायदा शिकलेल्या गावच्याच मुलीसाठी हे काम आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. गावरान बियाणं जपण्याच्या कामासाठी त्यांना पद्मश्री जाहीर झाली ती २०२० साली. त्यांचं ज्ञान आणि कृषी पदवी एका घरात आली तर काय होईल याचा विचार करायला मुलांना सांगते.

उलटी चूकही होते. वारली चित्रकलेला जिव्या सोमा म्हशे यांनी जगभर नेलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणून प्रत्येक वारली मुलाला "तू चित्रं काढ" म्हणायचं नसतं. त्याला कॉम्प्युटर आवडत असेल तर त्याला कॉम्प्युटर शिकू द्या. संस्कृतीचा मान ठेवणं म्हणजे मुलाला तिच्यात कोंडणं नाही.

प्रश्न : सगळ्यांना सरकारी नोकरीच हवी असते. त्यांना परावृत्त करावं का?

नाही. ज्या घराने कधी महिन्याचा पगार पाहिला नाही त्याला पेन्शन आणि रजा यांची किंमत आपल्यापेक्षा नीट कळते. फक्त वाट किती अनिश्चित आहे ते खरं सांगा. ९ जून २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, वनरक्षक अशी पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातलं असं शंभर टक्के आरक्षण रद्द केलं, आणि त्यानंतर इथलीही अशी भरती, जिला पेसा भरती म्हणतात, वादात सापडली. निवड होऊनही मुलं नियुक्तीसाठी ताटकळली, उपोषणाला बसली. म्हणून भरतीची तयारी करणाऱ्याने सोबत पदवी किंवा हाताला काम देणारा ट्रेड पूर्ण करावा, आणि किती वर्षं प्रयत्न करायचा ते घरच्यांसमोर आधीच ठरवावं.

प्रश्न : यशोगाथा सांगाव्यात का?

एखादी सांगा. डॉ. राजेंद्र भारूड भिल्ल समाजातून आयएएस झाले आणि नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले. सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक जिंकली. मुलांचे डोळे चमकतात. पण पन्नास टक्क्यांच्या मुलाला त्या गोष्टीत स्वतःची जागा सापडत नाही. त्याला शेजारच्या पाड्यावरचा, दोनदा नापास होऊन पॉलिटेक्निक पूर्ण केलेला दादा भेटवा. नापास झाल्यावर घरी काय सांगितलं, हे तो सांगू शकतो.

प्रश्न : मी स्वतः आदिवासी नाही. मला हे जमेल का?

जमेल, शिकायची तयारी असेल तर. "आम्ही तुम्हाला मुख्य प्रवाहात आणतो" ही भाषा सोडा. काही चुकलं तर मुलांसमोर माफी मागा.

प्रश्न : मुलगा पहिल्याच वर्षी कॉलेज सोडून घरी आला. आता?

"पळून आला" म्हणू नका, दुसऱ्या कोणाला म्हणूही देऊ नका. आठवड्याच्या आत घरी जा. पहिल्या भेटीत कारण विचारायची घाई नको. कारण बहुधा एक नसतं : इंग्रजीतली व्याख्यानं, मेसचं जेवण, संपलेले पैसे, कोणाचा तरी टोमणा, आजीचं आजारपण. परत जायचं असेल तर हजेरी किती बुडली ते विभागप्रमुखांना लगेच विचारा. पंधरा दिवसांत गेला तर बहुतेक वेळा निभावतं.

जायचंच नसेल तर प्रवेश रीतसर रद्द करा. नुसतं येऊन बसलं तर मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला कॉलेजातच अडकतात, आणि पुढच्या जूनमध्ये आयटीआयला अर्ज करता येत नाही. काम करत शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, त्याची अभ्यासकेंद्रं तालुक्यांच्या गावीही सापडतात. कागद परत आले की त्यांच्या तीन झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो घेऊन डिजिलॉकरवर काय चढतंय ते पाहा, आणि मूळ कागद घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवायला सांगा. कुडाच्या घरात आढ्याला टांगलेल्या पिशवीतला कागद एक पावसाळाही टिकत नाही.